फिरवलेला निकाल

या संवादातले सर आणि सिस्टर दोघेही कल्पित आहेत. वाद मात्र खरा आहे, आणि जुना. दापोली तालुक्यातल्या करजगावात जन्मलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा हा वाद त्यांच्या घरातच पेटला होता. सर मराठीचे निवृत्त शिक्षक. स्वतःला नास्तिक म्हणवतात, पण शिमग्यात भैरीच्या पालखीला खांदा दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. सिस्टर त्यांची जुनी विद्यार्थिनी, पेशाने नर्स, चौथ्या पिढीची ख्रिस्ती. पुनरुत्थानाच्या रविवारी संध्याकाळी रत्नागिरीत मांडवीच्या जेटीवर दोघांची गाठ पडली आणि सरांनी ख्यालीखुशालीच्या आधी प्रश्न टाकला.

सर : पहाटे उपासनेला जाऊन आलीस ना गो? प्रभू उठला म्हणून एकमेकांना सांगून झालं? मग मला एवढंच सांग. दोन हजार वर्षांपूर्वी यरुशलेमात कुणी कबरीतून उठला, तर त्यावरून रत्नागिरीतल्या एका नर्सला आपण कोण आहोत हे कसं कळतं?

सिस्टर : उठला कोण, ते बघा ना सर. तो राजा नव्हता. पिलात नावाच्या रोमी सुभेदाराने क्रुसावर खिळून मारलेला कैदी होता. धर्मसभेने त्याला देवनिंदक ठरवलं. सरकारने बंडखोर ठरवलं. आणि पेत्रासारख्या जिवलगाने कोंबडा आरवायच्या आत तीनदा सांगितलं, या माणसाला मी ओळखत नाही. देऊळ, दरबार आणि दोस्त, तिघांचेही निकाल एकाच बाजूने लागले होते. पुनरुत्थान म्हणजे देवाने ते तिन्ही निकाल फिरवले. माझ्याबद्दल कुणीही लावलेला निकाल शेवटचा नाही, हे मला तिथून कळतं.

सर : मांडणी चांगली आहे. पण चमत्कारच हवा असेल तर आपल्याकडे काय कमी आहे? तुकोबा सदेह वैकुंठाला गेले म्हणतात. फाल्गुन वद्य द्वितीयेला देहूत बीज होते. आळंदीला ज्ञानोबांची संजीवन समाधी आहे. तुकोबा शिकवताना मी वैकुंठगमन 'श्रद्धेचा भाग' म्हणून सोडून द्यायचो आणि पुढच्या अभंगाकडे वळायचो. मग येशूचं उठणं तेवढं इतिहास म्हणून का मानू?

सिस्टर : तुकोबांशी माझं भांडण नाही. टिळक तर तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो असं मानत. पण दोन्ही कथांची दिशा वेगळी आहे, सर. तुकोबा इथून तिथे गेले. संताला मान मिळाला, मागे राहिलेल्यांना विरह. येशू मात्र परत इथे आला. तोही कुणाकडे? जे त्याला टाकून पळाले होते आणि आता दारं लावून बसले होते, त्यांच्याकडे. अंगावरच्या जखमांसकट आला. व्रण पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणणाऱ्या थोमाला त्याने ते दाखवले. देवाने नवा देह दिला, पण व्रण पुसले नाहीत, याचा मी फार विचार करते.

सर : साक्षीपुराव्याकडे ये. मार्काचं शुभवर्तमान सगळ्यांत जुनं मानतात. त्याच्या जुन्यात जुन्या पूर्ण प्रती सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर थांबतात. बायका कबरीपासून घाबरून पळाल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत, आणि संपलं. कबरीपाशी किती बायका गेल्या, देवदूत एक होता की दोन, शिष्यांना दर्शन गालीलात झालं की यरुशलेमात, चौघांच्या चार तऱ्हा. आणि पौलाने करिंथकरांना साक्षीदारांची यादी कळवली आहे. पेत्र आहे, बारा जण आहेत, पाचशेहून अधिक बंधू आहेत, याकोब आहे. त्यात कबरीपाशी गेलेली मग्दालीया मरीया कुठे आहे?

सिस्टर : नाही. पौलाच्या यादीत ती नाही. वधस्तंभानंतर वीस-पंचवीस वर्षांतलं ते पत्र आहे; त्यात वजन असलेली नावं आहेत, आणि बाईच्या साक्षीला तेव्हा वजन नव्हतं. पण म्हणूनच मला चारही शुभवर्तमानं महत्त्वाची वाटतात. रिकाम्या कबरीची पहिली साक्ष चौघांनीही बायकांचीच नोंदवली आहे. गोष्ट रचायची असती तर त्या काळी कुणी बाईला पुढे केलं नसतं. तपशील जुळत नाहीत, हे मान्यच. रस्त्यावरचा अपघात पाहिलेले चार जण आमच्याकडे येऊन चार तऱ्हांनी सांगतात. अपघात मात्र झालेला असतो.

सर : अपघात रोज होतात. मेलेला माणूस उठलेला तू वॉर्डात किती वेळा पाहिलास?

सिस्टर : एकदाही नाही. म्हणून तर मी याला विश्वास म्हणते, निदान म्हणत नाही. घाबरून पळालेली माणसं काही दिवसांत चौकात उभी राहून बोलू लागली, पुढे तुरुंगात गेली, काहींनी जीव दिला. हा बदल कशाने झाला याचं मला पटलेलं उत्तर एकच आहे. तुम्हाला दुसरं पटत असेल तर मी हुज्जत घालणार नाही.

सर : बरं, विश्वास म्हण. पण त्याची किंमत कोण मोजतं? नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने टिळकांच्या हातात नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाने माणूस भारला, दोनेक वर्षांत ख्रिस्ती झाला. त्याला स्वतःची ओळख सापडली, आणि त्याच दिवशी त्याच्या बायकोची, लक्ष्मीबाईंची हरवली. नवरा जिवंत आणि बाई ना सवाष्ण ना विधवा! पदरात मूल, नातेवाइकांच्या आधाराने गावोगाव दिवस काढायचे. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचं आत्मचरित्र मी वर्गात कितीदा वाचून दाखवलं असेल. मुलं हसायची, कारण बाई लिहितातच तशा. मला मात्र त्या हसण्याखालचं घर मोडलेलं दिसायचं.

सिस्टर : घर मोडलं होतं. ते झाकायचं कारण नाही. लक्ष्मीबाईंनीही झाकलं नाही. पण पुढची पानंही तुम्हीच आम्हाला वाचून दाखवली होती. त्या नवऱ्याकडे परत गेल्या त्या ख्रिस्ती होऊन नाही, आपलं सोवळं सांभाळत गेल्या. टिळकांनी सक्ती केली नाही. मग एक दिवस त्यांचं त्यांनाच उमगलं की देवाने माणसं केली, जाती माणसांनी केल्या. आणि कुणाच्याही हातचं खायचं त्यांनी जाहीर करून टाकलं. बाप्तिस्मा घेतला १९०० साली, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. ज्या बाईला लिहावाचायला नवऱ्याने शिकवलं, तिने त्याचं अपुरं काव्य 'ख्रिस्तायन' पुढे नेलं आणि १९३४ पासून मराठीतलं एक थोर आत्मचरित्र छापायला दिलं. तिला तिची ओळख नवऱ्याकडून मिळाली असं तुम्ही तरी म्हणाल का?

सर : नाही म्हणणार. पण याच गावात १९२४ ते १९३७ सावरकर स्थानबद्ध होते, ते विसरू नकोस. त्यांच्या लेखी धर्म बदलला की माणसाची पुण्यभू बदलते आणि निष्ठा दुभंगते. त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. पण १९३१ साली भागोजीशेठ कीरांच्या पैशातून इथे पतितपावन मंदिर उभं राहिलं, सगळ्या जातींच्या हिंदूंना खुलं. जातीचा निकाल फिरवायला यरुशलेमपर्यंत जावं लागलं नाही. तो इथल्या इथे फिरवता आला.

सिस्टर : मंदिर उघडलं ते चांगलंच झालं. पण पुण्यभूचं म्हणाल तर टिळकांचा शेवट बघा. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले. आम्ही ख्रिस्ती बहुतेक पुरतो, कारण देह उठणार असं आम्ही मानतो. टिळकांनी आपलं दहन करा असं सांगून ठेवलं होतं. तसंच झालं, आणि रक्षा नगरला नेली. मातीतून उठवणाऱ्या देवाला राखेतून उठवता येत नाही असं थोडंच आहे? जन्मभर त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली. १९१७ मध्ये मिशनच्या पगारावर पाणी सोडून 'देवाचा दरबार' मांडला, तोही बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही तऱ्हांच्या ख्रिस्तभक्तांसाठी. आणि पंडिता रमाबाई? १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्याच सिस्टरांशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असं विचारलं. या दोघांची पुण्यभू कुठे होती, ते तुम्हीच सांगा.

सर : आता तुझीच यादी बघ. टिळक ब्राह्मण. लक्ष्मीबाई ब्राह्मण. रमाबाई ब्राह्मण. नगर जिल्ह्यात महार-मांग घरांतले हजारो लोक ख्रिस्ती झाले. त्यांतली किती नावं तुला पाठ आहेत? गोव्यात देवळाच्या जागी चर्च आलं तरी बामण, चारडो शिल्लक राहिले, आणि चर्चमधल्या मंडळांतही जातीची वाटणी झाली. तामिळनाडूत ख्रिस्ती दफनभूमीत जातीची भिंत उभी राहिली. कबरीची धोंड लोटून देणाऱ्या तुमच्या प्रभूला दफनभूमीतली विटांची भिंत का पाडता आली नाही?

सिस्टर : हे मात्र बरोबर लागलं, सर. मी माझ्या घराचंच सांगते. आम्ही मूळचे गावकुसाबाहेरचे. पणजोबांनी कोल्हापूरकडे बाप्तिस्मा घेतला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती म्हणजे फक्त हिंदू असं ठरलं. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. म्हणजे गावाच्या लेखी आम्ही तेच, सरकारच्या लेखी आम्ही ते नाही. आणि मंडळीत लग्न जुळवायची वेळ आली की कुणीतरी आवाज खाली आणून विचारतंच, तुम्ही मूळचे कोण? देऊळ, दरबार आणि दोस्त. तेच तीन निकाल, पुन्हा.

सर : मग बाबासाहेबांचा रस्ता सरळ नव्हता का? त्यांचं मूळ गाव आंबडवे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या मंडणगडचं. १९३५ मध्ये येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही म्हणाले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बुद्धाला शरण गेले. बुद्ध कुठे मेल्यावर उठला? महापरिनिर्वाण झालं, संपलं. आपला आधार आपणच व्हा असं सांगून गेला. त्या एका दिवसाने लाखो माणसांची मान वर झाली. ओळख मिळाली, आशाही मिळाली, आणि रिकाम्या कबरीची गरज पडली नाही.

सिस्टर : पडली नाही, हे मला मान्य आहे. बाबासाहेबांनी आमच्या समाजावर ठपका ठेवला होता की ख्रिस्ती झालेले लोक सामाजिक अन्यायाविरुद्ध उभे राहिले नाहीत. तो अजून पुसलेला नाही. माझी बौद्ध मैत्रीण ताठ मानेने जगते. त्यासाठी तिला माझ्या प्रभूच्या परवानगीची गरज नाही. पण माझ्या कामात मला असा माणूस भेटतो जो स्वतःचा आधार होऊ शकत नाही. पोलीस आणून टाकतात, रजिस्टरला नोंद होते : अनोळखी पुरुष, वय अंदाजे पन्नास. त्याला स्वतःचं नावही आठवत नसतं. मरीया कबरीपाशी रडत होती तेव्हा तिने येशूला माळी समजून विचारपूस केली. त्याने फक्त तिचं नाव उच्चारलं, आणि तिने त्याला ओळखलं. माझी ओळख मला माझ्याबद्दल किती ठाऊक आहे यावर उभी नाही. मला नावाने हाक मारणारा मेलेला नाही, यावर उभी आहे. त्या अनोळखी माणसाचीही तशीच आहे, त्याला ते ठाऊक असो नसो.

सर : त्याचं अंग पुसायला पुनरुत्थान लागत नाही. तुझ्याबरोबर ड्युटी करणारी सिस्टर भैरीला नवस बोलते, तीही तेच करते.

सिस्टर : करते. काही वेळा माझ्याहून चांगलं करते. ख्रिस्ती झाल्याशिवाय माणूस दयाळू होत नाही असं मी कधीच म्हणणार नाही. मी वेगळं म्हणते. तो माणूस रात्री गेला आणि बेवारस म्हणून त्याची विल्हेवाट लागली, तर तुमच्या हिशेबात त्याची फाइल बंद झाली. जे झालं ते त्याच्यावर झालं, आता दाद मागायला जागा नाही. माझ्या हिशेबात ती फाइल उघडीच आहे. पुनरुत्थान फक्त येशूपुरतं नाही. पौल त्याला पहिलं पीक म्हणतो, बाकीचं शेत यायचं आहे.

सर : ही आशा फार सोयीची आहे. इथे काही करायला नको, तिथे सगळं मिळेल. आशा माणसाचं काय करते, ते या गावाने बघितलंय. इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला १८८५ मध्ये गादीवरून काढलं आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो इथेच वारला. तीस वर्षं! परत मंडालेला जाता येईल या आशेवर विनंत्या करत राहिला, राजवाड्यातून समुद्र बघत राहिला. कबरही इथेच झाली. त्याची नात मात्र इथलीच होऊन गेली. मराठी बोलत, रत्नागिरीच्या माणसांत म्हातारी झाली. परत जायच्या आशेने राजाला काही दिलं नाही. जिथे आहोत तिथलं होण्याने नातीला घर दिलं. मग मी पुनरुत्थानापेक्षा रत्नागिरीवरच विश्वास का ठेवू नये?

सिस्टर : थिबाची आशा मागे जाण्याची होती, सर. गेलेलं राज्य जसंच्या तसं परत हवं. शिष्यांनाही तेच हवं होतं. इस्राएलाचं राज्य तू आता परत देणार का, असं त्यांनी विचारलं होतं. ते मिळालं नाही. काय मिळालं ते योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात आहे. पेत्र म्हणाला, मी मासे धरायला जातो. बाकीचे बरोबर निघाले. रात्रभर जाळं रिकामं. उजाडताना काठावरून कुणीतरी सांगितलं, होडीच्या उजवीकडे टाका. जाळ्यात एकशे त्रेपन्न मोठे मासे. हा आकडा का लिहून ठेवला, ते पंडितांना विचारू नका, मिरकरवाड्याच्या तांडेलाला विचारा. मासळी बंदराला लागली की मोजल्याशिवाय कोण राहतो?

सर : हे मला ठाऊक नव्हतं. पुढे?

सिस्टर : काठावर येशूने निखाऱ्यावर मासळी भाजायला घातली होती, भाकरी होती. आता ध्यानात घ्या, पेत्राने त्याला नाकारलं तेव्हाही तो महायाजकाच्या वाड्यात निखाऱ्यापाशीच शेकत उभा होता. हे दोन्ही निखारे योहानानेच सांगितले आहेत. तीनदा नाकारणाऱ्याला तीनदा विचारलं, माझ्यावर प्रेम करतोस का? झालं गेलं पुसलं नाही, तशाच निखाऱ्यापाशी पुन्हा आणलं. आणि काम दिलं, माझी मेंढरं सांभाळ. तिथे राज्य नाही, राजवाडा नाही; खाणं, प्रश्न आणि काम. पुनरुत्थानाची आशा मंडालेला परत जायची नाही, सर. ती याच किनाऱ्यावर, हाताशी आहेत त्या माणसांसाठी कामाला लावते. तुम्ही थिबाची नात पुढे केलीत. ती माझ्याच बाजूने बोलते.

सर : वकील व्हायला हवं होतंस. पण ऐक. कबर रिकामी होती असं मला वाटत नाही, आणि तू काहीही म्हणालीस तरी वाटणार नाही. ते सोडून देऊ. तू म्हणतेस निकाल फिरला. वरच्या कोर्टाने निकाल फिरवला की खाली अंमलबजावणी व्हावी लागते. नाहीतर तो कागद. टिळकांच्या घरात ती झाली, म्हणून मी टिळकांना मानतो. तुमच्या मंडळीत ती कुठे दिसते? लग्नात 'मूळचे कोण' विचारायचं ज्या दिवशी बंद होईल, त्या दिवशी मला बोलाव. मी पहिल्या बाकावर येऊन बसेन, प्रवचनही ऐकेन.

सिस्टर : सगळ्यांनी विचारायचं थांबवेपर्यंत मला थांबायचं नाही. पूर्वी तो प्रश्न आला की आमच्या घरात विषय बदलायचे. मी बदलत नाही. आम्ही गावकुसाबाहेरचे, असं खणखणीत सांगते. उठलेल्याने आपले व्रण झाकले नाहीत, मी माझे का झाकू? आणि मग त्यांनाच विचारते, आता हे कळल्यावर तुम्ही काय करणार आहात?

सर : काय सांगतात?

सिस्टर : बहुतेक चहा मागवतात. माझ्या मुलीच्या लग्नाचं पुढच्या महिन्यात बोलणं आहे. सर, तुम्ही मुलीकडून येऊन बसा. मला तिथे एक नास्तिक साक्षीदार हवा आहे.